पाप तुमचं, टॉवेल आमचा

महाराष्ट्रात कुठंही सत्यनारायण असो नाहीतर वास्तुशांत, गुरुजी संकल्प सांगताना यजमानाचा पत्ता गोदावरीवरून सांगतात. कोथरूडमधला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट गोदावरीच्या दक्षिण तीरावर असतो. खाली मुठा वाहत असते, पण तिला कुणी विचारत नाही. जळगावकर जन्मभर तापीच्या खोऱ्यात राहतो आणि पूजेला बसला की गोदावरीच्या उत्तर तीरावर जातो. अमेरिकेतल्या मराठी घरांसाठी तिकडच्या गुरुजींनी क्रौंचद्वीप वगैरे नवा पत्ता शोधला आहे खरा, पण ती मंडळी डिसेंबरात इकडं उतरली की त्यांचाही मुक्काम गोदाकाठीच. एवढ्या मोठ्या मुलखाच्या पत्त्यात आमची नदी असल्यामुळं नाशिकमध्ये आपलं एक हक्काचं घर आहे, अशी मराठी माणसाची जन्मजात समजूत असते. ते घर माझं.

नाशिकमध्ये संसार थाटताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. भांडीबाजारातून पातेली घेताना एक माप मोठं घ्यायचं, गाद्या जास्तीच्या भरून घ्यायच्या आणि टॉवेल डझनावारी आणायचे. तीर्थयात्रेला निघालेला माणूस बाकी सगळं घेऊन येतो. तांब्याची लोटी, हळदीकुंकवाच्या पुड्या, परत नेण्याच्या तीर्थासाठी पाच लिटरचा कॅन, हल्ली योगासनांची गुंडाळलेली चटईसुद्धा. टॉवेल तेवढा घरी दोरीवर राहिलेला असतो. रामकुंडात बुडी मारून जे काही पाप सुटत असेल ते त्याचं, पाणी गंगापूर धरणाचं आणि टॉवेल आमचा. तो ओला टॉवेल परत आमच्याच गॅलरीत वाळत पडतो, त्यामुळं धुतलेलं पाप नेमकं कुठं जातं याबद्दल आमच्या हिचं स्वतंत्र मत आहे.

पाहुण्यांचे फोन ठरलेले असतात. "काही विशेष नाही रे, सहज दर्शनाला यायचं म्हणतोय." सहज आलेला माणूस संध्याकाळच्या चहापर्यंत उघडा पडतो. कुणाची साडेसाती चालू असते, कुणाच्या मुलाचं लग्न जमत नसतं, कुणाचा प्लॉट कोर्टात अडकलेला असतो. अलीकडं यात एक नवी जात आली आहे. तिला काहीच झालेलं नसतं आणि त्याचाच तिला त्रास होत असतो. ही मंडळी स्वतःला शोधायला येतात. स्वतःला शोधायला निघालेल्या माणसाची गाडी नाशिकरोडला हमखास रात्री साडेबाराला पोचते आणि फलाटावर त्याला शोधायचं काम माझ्याकडं येतं.

रामकुंडावर पहिल्यांदा उभा राहिलेला पाहुणा जरा गप्प होतो. त्यातून तो हृषीकेश पाहून आलेला असला तर विचारायलाच नको. त्याच्या मनात खळाळती नदी असते, धुकं असतं आणि त्या धुक्यात कुणीतरी पद्मासनात बसलेलं असतं. इथं समोर पायऱ्यांनी बांधून काढलेलं कुंड. एका कोपऱ्यात कुणाच्या अस्थींचं गाठोडं सुटतंय, शेजारी नवं जोडपं नदीची ओटी भरतंय, मधोमध पोरं सूर मारताहेत, काठावर एकाचं मुंडण चाललंय, आणि चहावाला या सगळ्यांना एकाच आवाजात हाक देतोय. माझ्या मावसभावानं हे पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "इथं ध्यान कुठं लावायचं?" मी म्हटलं, "आधी चपलांवर लाव."

नदीला पाणी का नाही, हा त्याचा पुढचा प्रश्न. तो सगळेच विचारतात, आणि विचारताना माझ्याकडं असं बघतात की नळ मीच बंद करून आलोय. तर ऐका. ही नदी मुळात आपखुशीनं आलेलीच नाही. गौतमऋषींनी शेतात शिरलेली गाय दर्भाच्या काडीनं हाकलली आणि ती पडून मेली. मत्सरानं तिला तिथं धाडणारे शेजारच्या आश्रमातलेच ऋषी होते, म्हणजे शेजारधर्म तेव्हाही असाच होता. पातक फेडायला गौतमांनी ब्रह्मगिरीवर तप केलं, शंकरानं जटा आपटल्या आणि नदी निघाली. निघाली तीही लपतछपत. शेवटी गौतमांनी तिला कुश टाकून अडवली, ते कुशावर्त. नदीला पहिला बांध असा खुद्द ऋषींनी घातला आणि पुढचं काम पाटबंधारे खात्यानं हाती घेतलं. आता वर गंगापूर धरण आहे. आवर्तन सुटलं की रामकुंड वाहतं, नाही सुटलं तर थांबतं. गौतमांना तप करावं लागलं, आम्हाला अर्ज करावा लागतो. २०१५च्या सिंहस्थात शाही स्नानासाठी धरणाचं पाणी सोडावं की नाही, हा वाद उच्च न्यायालयात पोचला होता. पुढच्याच वर्षी एप्रिलात रामकुंड ठणठणीत कोरडं पडलं आणि त्यात टँकरनं पाणी आणून ओतलं. स्वर्गातून उतरलेल्या नदीला टँकरमधून उतरताना पाहिलेली आमची पिढी आहे, पण त्याचं वेगळं पुण्य कुणी सांगितलेलं नाही. सिंहस्थाच्या तयारीत पात्राचा तळ काँक्रीटनं बांधून काढला होता, तो फोडून जुने झरे मोकळे करा म्हणून गावातली काही चिकाटीची माणसं वर्षानुवर्षं कोर्टात भांडत आली आहेत. पाहुण्याला हे सगळं ऐकायचं नसतं. त्याला कॅन भरायचा असतो.

कुंडाच्या वरच्या अंगाला कपालेश्वराचं देऊळ आहे. शंकराचं देऊळ आणि समोर नंदी नाही, हे पाहून पाहुणा पुन्हा माझ्याकडं बघतो. ब्रह्मदेवाचं मस्तक उडवल्याचं पातक शंकराला लागलं होतं आणि ते काही केल्या सुटेना. तेव्हा रामकुंडात स्नान करून बघा, असा सल्ला त्याला नंदीनं दिला. पातक सुटलं. मग सल्ला देणारा तो गुरू, त्याला वाहन म्हणून समोर कसं बसवायचं, म्हणून इथं नंदी नाही. मला ही कथा फार आवडते. एक तर खुद्द शंकरसुद्धा इथं कुणाच्या तरी सांगण्यावरूनच आला. दुसरं, सल्ला देणाऱ्याला समोर बसवू नये, हे त्याच्या ध्यानात आलं. आमच्याकडं सल्ला देणारे सगळे समोर सोफ्यावर बसतात, आणि दुपारी तिथंच आडवे होतात.

पण नाशिकचं खरं तीर्थ पाण्यात नाहीच. ते तीर्थोपाध्यायांच्या घरी, लाल फडक्यात बांधून ठेवलेलं आहे.

आमचे पुण्याचे साडू बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले. देवधर्म मानत नाहीत. "मी आपला हिच्यासाठी आलोय," हे त्यांनी शिवाजीनगर सोडल्यापासून रामकुंडापर्यंत प्रत्येक टोलनाक्यावर सांगितलं. त्यांचे आजोबा सुधारक होते, कर्मकांड करणाऱ्यांना त्यांनी दारात उभं केलं नाही, ही कथा आम्ही त्यांच्या तोंडून प्रत्येक गणपतीत ऐकत आलोय. उपाध्यांच्या घरी गुरुजींनी आडनाव विचारलं, गाव विचारलं. साडू म्हणाले, "पुणे." गुरुजी म्हणाले, "ते आत्ताचं झालं. मूळचं?" साडूंनी सांगलीच्या आत्याला फोन लावून मूळ गाव विचारून घेतलं. गुरुजींचा मुलगा आत गेला आणि लांबट, आडव्या बांधणीच्या दोन वह्या घेऊन आला. जुनी पानं मोडीत, नंतरची बाळबोध. गुरुजींचं बोट गाव, आडनाव, शाखा असं सरकत गेलं आणि एका पानावर थांबलं. "हे तुमचे आजोबा?"

सुधारक आजोबा तिथं होते. आई, बायको, तीन मुलं आणि एक विधवा बहीण एवढं सगळं घेऊन आले होते. तीर्थश्राद्ध केलं होतं, गोप्रदान केलं होतं आणि खाली झोकात सही ठोकली होती. साडूंनी चष्मा पुसला. सही तीच होती, घरातल्या जुन्या दस्तऐवजांवरची. एवढ्यावर निभावलं असतं. पण आमची मेहुणी मागून डोकावत होती. तिनं विचारलं, "ही बायको कोण? आजींचं नाव तर हे नव्हतं." गुरुजींनी सवयीच्या शांतपणानं आणखी एक पान उलटलं. आजोबांचं पहिलं लग्न पुण्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं. नाशिकला मात्र ते शाईनं लिहिलेलं होतं. "लपवायची पद्धत तुमच्याकडं जुनीच म्हणायची," मेहुणी म्हणाली. त्या दिवशी तिची तीर्थयात्रा सफळ झाली.

मग एक मजा झाली. आता पुढची नोंद तुम्ही करा, म्हणून गुरुजींनी वही साडूंपुढं सरकवली. देव न मानणाऱ्या माणसानं पेन हातात घेतलं आणि मान खाली घालून शाळेतल्या अक्षरात लिहायला सुरुवात केली. स्वतःचं नाव, बायकोचं, मुलाचं, नातवाचं. सुनेच्या नावाशी थांबले. सून कॅनडातली, तिकडचीच. गुरुजींनी विचारलं, "माहेर कुठलं?" साडू चाचरत म्हणाले, "विनिपेग." गुरुजींनी मान हलवली आणि विचारलं, "तालुका?"

परतीच्या वाटेवर गाडीत साडू कर्मकांडाबद्दल काही बोलले नाहीत. नोंदींची पद्धत फार चोख आहे, एवढंच दोनदा म्हणाले. बँकेतल्या माणसाच्या तोंडून याहून मोठं प्रमाणपत्र निघत नाही.

अस्थी घेऊन येणारे पाहुणे मात्र आमच्या घरी येत नाहीत. सुतकात कुणाकडं जायचं नसतं, म्हणून ते घाटावरून फोन करतात आणि मी चहाचा थर्मास घेऊन तिकडं जातो. दहाव्याला कावळ्याची वाट पाहत उभं राहणं हा पंचवटीतला सगळ्यात लांब विधी. इथल्या कावळ्याला रोज सकाळी इतके पिंड दिसतात की तो फार चोखंदळ झालाय. तो येईना की नातेवाईक एकेक करून पुढं होतात आणि हात जोडून शब्द देतात. धाकटीचं लग्न मी करून देईन. गावच्या जमिनीचं भांडण मिटवतो. आईला माझ्याकडंच ठेवतो. गेलेल्या माणसाला जिवंतपणी यातलं एकही वाक्य ऐकायला मिळालेलं नसतं. कावळा फांदीवरून सगळ्यांचं ऐकून घेतो आणि बोली पुरेशी चढली की खाली उतरतो. त्याच्या या कामाबद्दल माझ्या मनात आदर आहे.

काळाराम मंदिर आणि सीता गुंफा हा दौरा त्यामानानं झटपट उरकतो. पंचवटीतल्या वडांना क्रमांक घातलेले आहेत, त्यामुळं पाहुणे झाडं मोजून खात्री करून घेतात. सीता गुंफेत वाकून, बसून, सरकत जावं लागतं. सत्तरीच्या आत्या आत गेल्या की बाहेर येईपर्यंत माझा राम राम चालू असतो. काळारामाचं काळ्या दगडातलं देऊळ सरदार रंगराव ओढेकरांनी बांधलेलं. त्याचा घाट आणि कोरीव काम पाहून सगळे फोटो काढतात. २ मार्च १९३०ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच देवळात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो माणसं पुढं काही वर्षं दारात येत राहिली. दार उघडलं नाही. शेवटी १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. जगभराची पापं धुणारं कुंड देवळापासून हाकेच्या अंतरावर आहे, पण गावातल्या तेव्हाच्या शहाण्यासुरत्यांपैकी कुणाला आपल्याही अंगावर काही धुण्यासारखं आहे असं वाटलं नाही. पाहुण्यांना मी हे सांगतो. ऐकून घेतात, आणि मग मिसळ कुठं चांगली मिळते ते विचारतात.

मिसळीनंतर त्र्यंबक. तिथं जाणाऱ्याला निवांतपणा हवा असेल तर त्यानं अंजनेरीलाच उतरून घ्यावं. त्र्यंबकेश्वरला विधींचं वेळापत्रक असतं. कालसर्पाचं काम दिवसात होतं, नारायण नागबलीला तीन दिवस लागतात. कोणाची पत्रिका कुठं अडकली आहे, ते आमच्या पाहुण्यांना तिकडच्या ज्योतिषानं सांगून ठेवलेलं असतंच. माझा एक भाचा संगणकाच्या क्षेत्रात आहे. बढती अडकली म्हणून आला होता. एकाच मांडवात रांगेनं बसलेली सगळी जोडपी, सगळ्यांची धोतरं पांढरी, गुरुजी माइकवरून सांगताहेत आणि मंडळी एकदम पाणी सोडताहेत. भाच्यानं शेजारच्याला हळूच विचारलं, "तुमचं काय?" तो म्हणाला, "बढती." पलीकडचाही बढतीवालाच निघाला, आणि तोही भाच्याच्याच कंपनीतला. दोघं एकाच जागेसाठी बसले होते. देवाला त्या दिवशी काय वाटलं असेल ते असो. तिघंही संध्याकाळी एकाच गाडीनं ठाण्याला गेले आणि वाटेत साहेबाबद्दल मनसोक्त बोलले. भाच्याला म्हणे फार हलकं वाटलं.

देवळातल्या रांगेबद्दल मी लिहिणार नाही. ज्यांना पुनर्जन्माची कल्पना अवघड वाटते त्यांनी श्रावणातल्या सोमवारी ती रांग अनुभवावी.

आता योग. त्र्यंबक रस्त्याला तळवाडे इथं विश्वास मंडलिकांच्या योगविद्याधामाचं गुरुकुल आहे. मंडलिकांनी नाशिकमध्ये हे काम १९७८ मध्ये सुरू केलं आणि पुढं जगभरातून लोक शिकायला येऊ लागले. त्र्यंबकच्या बाजारात कधीमधी परदेशी विद्यार्थी भेटतात. फरशीवर टेकतात तेव्हा ताठ कण्यानं बसतात, नाकानं मोजून श्वास घेतात आणि आमच्या पाहुण्यांकडं कुतूहलानं बघतात, कारण आमचे पाहुणे कमरेवर हात ठेवून "आई गं" म्हणत उठत असतात. माझी आई म्हणायची, मांडी घालून जेवायला बसा म्हटलं की ज्यांचे गुडघे दुखतात ते पैसे भरून पद्मासन शिकायला जातात.

बंगळूरची भाची अशाच एका आश्रमात महिनाभर राहून प्रमाणपत्र घेऊन आली आणि जाताना आमच्याकडं दोन दिवस थांबली. पहाटे पाचला ओंकार सुरू. त्याला माझी हरकत नव्हती, खालच्या मजल्यावरच्यांची होती. दुसऱ्या दिवशी तिनं शंखप्रक्षालन करायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: कोमट मिठाचं पाणी पोटभर प्यायचं, ठराविक आसनं करायची, संडासला जायचं, परत पाणी प्यायचं, आणि आतून नुसतं स्वच्छ पाणी येईपर्यंत हे चालू ठेवायचं. आमच्या घरी संडास एक. त्याच पहाटे कोल्हापूरचं कुटुंब साडेपाचला त्र्यंबकला निघणार होतं, अभिषेकाची वेळ ठरलेली. दाराबाहेर सोवळं नेसून उभे असलेले काका प्रत्येक फेरीला "झालं का बाळ?" म्हणून विचारत होते आणि आतून बाळ सांगत होतं की अजून पाणी गढूळ आहे. आतड्याच्या शुद्धीनं अध्यात्मात माणूस कुठवर पोचतो मला ठाऊक नाही. कोल्हापूरकर त्या दिवशी पेट्रोलपंपापर्यंत धावत पोचले.

नाशिकचा जुना निवासी साधक म्हणजे समर्थ रामदास. लग्नात 'सावधान' ऐकून बोहल्यावरून निघालेला बारा वर्षांचा मुलगा जांबेहून थेट पंचवटीला आला. टाकळीला नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर त्यानं बारा वर्षं तप केलं. पहाटे सूर्यनमस्कार, मग दुपारपर्यंत कमरेइतक्या पाण्यात उभं राहून जप, मग पंचवटीत माधुकरी. हे शक्य झालं याचं कारण माझ्या मते स्वच्छ आहे. त्यांचा नाशिकमध्ये एकही नातेवाईक नव्हता. असता तर पहिल्या आठवड्यातच त्यांना कुणालातरी सीता गुंफा दाखवायला जावं लागलं असतं.

मौनाची हौस असणारे इगतपुरीला जातात. गोएंका गुरुजींनी धम्मगिरीवर १९७६ मध्ये विपश्यनेचं केंद्र सुरू केलं. तिथं पहाटे चारला घंटा, दहा दिवसांचं शिबिर, फोन जमा, वाचन नाही, लेखन नाही आणि आर्य मौन. हिचे काका, म्हणजे लग्नाच्या पंगतीत आपलं पान सोडून चार पानं पलीकडच्याशीही बोलणारा माणूस, तिथं राहून आले. घरातल्या कुणाचा विश्वास बसेना. त्यांना आणायला मी गेलो. फाटकातून बाहेर आले ते खरोखर शांत दिसत होते. चेहऱ्यावर तेज होतं. गाडीत बसले, पट्टा लावला आणि मौनाचं महत्त्व सांगायला सुरुवात केली. घोटी गेलं, वाडिवऱ्हे गेलं, पाथर्डी फाटा आला. काका अजून दुसऱ्या दिवसाच्या दुपारच्या ध्यानापर्यंतच पोचले होते. उरलेले आठ दिवस त्यांनी रात्री पिठलंभाकरीवर सांगितले. ही मध्ये एकदा म्हणाली, "काका, भाकरी गार होतेय." काका म्हणाले, "होऊ दे, ते अनित्य आहे."

द्राक्षाच्या तीर्थाबद्दल थोडक्यात. १९९९ मध्ये सुला निघाली आणि गावाला पाहुण्यांची नवी ओळ लागली. सकाळी रामकुंड, दुपारी मिसळ आणि संध्याकाळी गंगापूरच्या बाजूला वायनरी, असा एकाच दिवसाचा बेत करून लोक मुंबईहून येतात. एका कुटुंबानं बरोबरच्या आजींना "द्राक्षांची बाग दाखवतो" म्हणून तिकडं नेलं होतं. दिवसभर देवळं झालेली. आजींनी दारात सवयीनं चपला काढल्या, आत शिरताना उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, आणि गर्दी पाहून म्हणाल्या, "जागृत स्थान दिसतंय."

आणि आम्ही नाशिककर? आम्ही नदीला गंगा म्हणतो, पण गंगेवर जातो ते बुधवारच्या बाजारात भाजी घ्यायला. शेवटची बुडी कधी मारली ते बहुतेकांना आठवत नाही. आमचं सामुदायिक स्नान रंगपंचमीला पेशवाईतल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, होतं. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, त्यात उडी मारून जो बाहेर येतो त्याला घरच्यांनी ओळखायचं असतं. आणि आमचा नित्याचा देव दुतोंड्या मारुती. पात्रातच उभा आहे. पावसाळ्यात पाटबंधारे खातं इतके हजार क्युसेक सोडले म्हणून जाहीर करतं, ते आम्हाला कळत नाही. मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, गळ्याला आलं, हे बरोबर कळतं. २०१६च्या आणि २०१९च्या ऑगस्टात तो पुरता बुडाला. अशा वेळी पोलीस घाटावरून मागं व्हा म्हणून ओरडत असतात आणि अख्खं गाव छत्र्या घेऊन पूर बघायला पुढं होत असतं. जवळच नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७ मध्ये बांधलेलं. चिमाजीअप्पांच्या वसईच्या विजयानंतर आलेली पोर्तुगीजांची घंटा तिथं टांगली आहे. पाणी घंटेकडं चढू लागलं की सराफबाजारातले दुकानदार पेट्या आवरतात. घाटावर गाडी लावून गेलेला एखादा बाहेरगावचा पाहुणा मात्र दरवर्षी असतोच. त्याच्या गाडीला स्नान घडतं, तेही विनासायास.

आता २०२७चा सिंहस्थ तोंडावर आलाय. बारा वर्षांनी गुरू सिंह राशीत येतो आणि रामकुंडावरचं गंगा गोदावरीचं देऊळ, जे एरवी बंद असतं, तेही उघडतं. वैष्णव आखाडे नाशिकला, शैव त्र्यंबकला, अशी वाटणी पेशवाईतल्या मारामारीपासून चालत आलीय. रस्ते खणून झालेत, खणलेले बुजवून झालेत आणि बुजवलेले परत खणताहेत. तपोवनातल्या साधुग्रामासाठी झाडं तोडायची का, यावरून गावात मोर्चे निघाले. सरकारची तयारी अशी चालू असताना आमच्या नातेवाइकांचीही चालू आहे. अमृतस्नानाच्या तारखा मला वर्तमानपत्रातून कळायच्या आधी अकोल्याच्या मामेबहिणीकडून कळल्या. एकानं आमच्या गच्चीचे फोटो मागवलेत. दुसऱ्यानं विचारलंय की तुमच्याकडं आंघोळीला गरम पाणी असतं ना, कारण कुंडातल्या गर्दीत काही सगळ्यांना जमणार नाही.

मागच्या सिंहस्थाच्या पहिल्या शाही स्नानाला पोलिसांनी इतके अडथळे उभे केले होते की भाविकांना मैलोन्मैल चालावं लागलं. आम्हाला तर कॉलनीतून दूध आणायला बाहेर पडता येईना. ते आठवून या खेपेला मी निराळा विचार केला. त्या दिवसांत आपणच गाव सोडायचं. पुण्याला साडूंना फोन लावला आणि म्हटलं, "अहो, ऑगस्टात आम्ही दोघं आठ दिवस तुमच्याकडं यावं म्हणतोय." साडूंना मनापासून आनंद झाला. म्हणाले, "या की, अगदी निवांत राहा. आम्ही घरी नसू, पण बाई येते स्वयंपाकाला." मी विचारलं, "तुम्ही कुठं?"

"म्हणजे काय, तुमच्याकडं! टोरांटोहून मुलगा-सूनही येताहेत, सुनेला वहीतलं नाव बघायचंय. तुम्ही फक्त निघताना किल्ली शेजारी ठेवा. आणि हो, टाकी भरून ठेवा."